कळप मोजायचा कसा?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

महाप्रसादाला किती पानं होतील याचा अंदाज आपण दरवर्षी बांधतो आणि दरवर्षी पुऱ्या उरतात. असं का होतं, ते आम्हाला मंडपात नाही, रातापानीच्या जंगलात कळलं.

आम्ही तिघे सरकारी नोकर, खातं बांधकामाचं. चितळ-सांबरांच्या पाहणीत मदतीला गेलो होतो. डिप्लोमाला कंपास-सर्व्हे केलेला, त्यामुळे कंपास हातात येताच जरा ऐट आली.

जंगलात दोनेक किलोमीटरची सरळ रेषा आखलेली असते. उजाडताच तिच्यावरून न बोलता चालायचं. जनावर दिसलं की रेंजफाइंडरनं अंतर, कंपासनं कोन आणि संख्या टिपायची. त्यावरून ते रेषेपासून काटकोनात किती दूर होतं ते निघतं. लांबची जनावरं निसटणारच. जवळ किती दिसली आणि लांब किती, यावरून निसटलेल्यांचा हिशोब लावतात. अगदी रेषेवरचं मात्र चुकता कामा नये.

चितळ बहुधा कळपात असतं. म्हणून मोजायचे कळप, अंतर धरायचं कळपाच्या मध्यापर्यंत, आणि शेवटी कळपांच्या घनतेला सरासरी संख्येनं गुणायचं. सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं.

पहिल्याच सकाळी सागवानात एक कळप दिसला. आम्ही २३ लिहिले. बीटगार्ड म्हणाला, "साहब, सत्रह हैं. जो हिला, उसे आपने दो बार गिन लिया." खोडलं. पुढे तोच मोजायचा, आम्ही लिहायचो.

पण खरी गोम वेगळीच आहे. सत्तर मीटरवर रायमुनियाच्या झुडपाआड दोन माद्या उभ्या असल्या तर दिसत नाहीत. वीसांचा कळप तेवढ्याच अंतरावरून लगेच दिसतो. म्हणजे वहीत मोठे कळप जास्त येतात आणि सरासरी फुगते. समजा, एका चौरस किलोमीटरमध्ये चार कळप आहेत. खरी सरासरी पाच असेल तर वीस चितळं; वहीतली आठ धरली तर बत्तीस. शंभर चौरस किलोमीटरमध्ये बाराशे चितळं नुसती कागदावर! यावर उपाय म्हणजे लहान-मोठे कळप सारखेच दिसतात अशा, रेषेजवळच्या कळपांचीच सरासरी घ्यायची. किंवा अंतरासोबत आकडा कसा वाढतो ते आलेखावर पाहून तो फुगवटा काढून टाकायचा.

बाराशेचं एवढं काय, असं वाटेल. वाघाला वर्षाला साधारण पन्नास शिकारी लागतात, आणि कळपांतून दरसाल दहावा हिस्सा गेला तर कळप टिकतात, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे एका वाघामागे पाचशे जनावरं. आमच्या त्या चुकीवर दोन वाघ उपाशी राहिले असते. २०१५ साली कान्हातून बारशिंगे आपल्या वनविहारात आणि सातपुड्यात आणले. एका जंगलातून किती जनावरं उचलायची, हे असल्याच आकड्यांवर ठरवावं लागतं.

आता आपला मंडप. दहा माणसांचं कुटुंब आलं की साऱ्या मंडपाला कळतं. एकटे येणारे आजोबा दर्शन घेऊन कधी गेले, पत्ता लागत नाही. आपण 'घरटी पाच' धरतो ते त्या दहांच्या गलक्यामुळे. यंदा पहिले तीन दिवस आम्ही दारावर उभं राहून प्रत्येक घर लिहिलं, एकट्याचंही. सरासरी साडेतीनच्या आत आली. महाप्रसाद परवा आहे. आकडा चिठ्ठीवर लिहून कोठीत दिला आहे. काकूंनी तो वाचून आमच्याकडे जरा संशयानंच पाहिलं.