प्रिंटर बसून असतो तेव्हा



बर्लिनच्या फुटपाथवर एक चिठ्ठी जागोजागी दिसते. 'त्सु फरशेंकन', म्हणजे फुकट न्या. घरातली नको झालेली वस्तू लोक खाली आणून ठेवतात, तिच्यावर ही चिठ्ठी डकवतात आणि निघून जातात. पुस्तकं, कपबशा, लहान मुलांचे बूट, एका पायाने अधू झालेली खुर्ची. यातलं बरंचसं संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी उचलून नेतं. दोन दिवस पावसात भिजूनही जागचा हलत नाही तो प्रिंटर. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असा एक होता, शाईचा, रंगीत, दिसायला अगदी नवाकोरा. चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चालतो. फक्त शाई संपली आहे.'

मला हसू आलं. असाच एक आमच्याकडेही होता, आणि तोही 'चालत' होता.

आमच्या घरात छापायचं असतं तरी किती? मुलीच्या शाळेचं काहीबाही, परत पाठवायच्या पार्सलवरचं लेबल, एखाद्या कचेरीला जोडायचा कागद, आणि भाद्रपदात आरत्या. हे आरत्यांचं काम त्यातल्या त्यात मोठं. इथे वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येतं, देवनागरी वाचता येतेच असं नाही. म्हणून डाव्या बाजूला देवनागरी, उजव्या बाजूला तीच आरती रोमन लिपीत, आणि पहिल्या पानावर शेंदरी गणपती. चार पानं, वीस प्रती. बाकी वर्षभराची मिळून पन्नासेक पानं होत असतील.

एका वर्षी गणपतीच्या प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री मी प्रिंटर लावला. सहा महिन्यांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता. बराच वेळ आतून खरखर, टकटक झाली, पान बाहेर आलं आणि गणपती पिवळाधमक. हळदीत बुडवून काढावा तसा. छपाईत शेंदरी अशी वेगळी शाई नसते. पिवळा आणि मजेंटा, म्हणजे गर्द गुलाबी, एकावर एक पडले की शेंदरी दिसतो. मजेंटाची छिद्रं वाळून बंद झाली होती. 'हेड क्लीनिंग'चं बटण दाबलं. एकदा, दोनदा, पाचदा. पाचव्या वेळी सोंडेवर जराशी लाली आली आणि त्याच क्षणी पडद्यावर सूचना उमटली, निळी शाई संपत आली आहे. आरतीत निळं काही नव्हतंच!

प्रिंटर घेताना आपण दुकानात काय विचारतो? मिनिटाला किती पानं काढतो, फोटो कसा येतो, मोबाइलवरून चालतो का. रोज छापणाऱ्याला हे प्रश्न ठीक आहेत. वर्षातून चार-पाच वेळा छापणाऱ्याने एकच विचारावं, उरलेले तीनशे साठ दिवस हे यंत्र काय करत बसतं?

शाईचा प्रिंटर बसून काय करतो ते आधी बघू. त्याच्या हेडला शेकडो छिद्रं असतात, प्रत्येक छिद्र डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. त्यातून शाईचा इवलासा थेंब उडवायचे दोन मार्ग. एकात शाई क्षणभर तापवतात, वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला ढकलतो. याची गोष्ट गमतीची आहे. १९७७ साली जपानात कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेली सोल्डरिंगची कांडी लागली आणि शाई पिचकारीसारखी उडाली. बबल जेटचा जन्म त्या अपघातातला. दुसऱ्या मार्गात तापवणं नाही. विजेच्या दाबाने किंचित वाकणारा एक स्फटिक शाईला धक्का देतो. मार्ग कुठलाही असो, शाईत पाणी असतं आणि पाणी उडून जातं. एवढ्या बारीक छिद्रातलं पाणी उडालं की मागे उरतो तो चिकट रंग.

यावर कंपन्यांनी उपाय केलेला असतो. काम संपलं की हेड एका कोपऱ्यात जाऊन बसतं आणि रबराची टोपी त्याला खालून झाकते. पण प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच ही टोपी नीट बसेल याची खात्री. इथे आपली सवय आडवी येते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण, आणि झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरणारं एक माणूस. जर्मनीत सॉकेटला बटण नसतं, म्हणून आम्ही लाल बटणाची एक्स्टेंशनची पट्टी आणली आणि रात्री ती खटकन बंद करू लागलो. कधी हेड वाटेतच उघडं राहायचं. शिवाय पुन्हा वीज दिली की प्रिंटर 'मी किती दिवस बंद होतो कोण जाणे' म्हणून सफाईला लागायचा. त्यात भर आमच्या जागेची. प्रिंटर ठेवला होता खिडकीच्या कट्ट्यावर आणि कट्ट्याखाली हीटर. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बर्लिनच्या घरांतली हवा इतकी कोरडी असते की हातांना भेगा पडतात. शाईची काय कथा.

सफाई म्हणजे तरी काय? छिद्रांतून शाई जोराने खेचून ती आतल्या एका स्पंजमध्ये टाकून द्यायची. तुमची, विकत घेतलेली शाई. आणि बऱ्याच यंत्रांत सफाई एका रंगाची होत नाही, सगळ्या रंगांची एकदम होते. आमची निळी तिथे गेली. कार्ट्रिजच्या खोक्यावर 'इतकी पानं' असा आकडा असतो, तो खोटा नसतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ठरलेली नमुना पानं आहेत. पण ती पानं छापतात सलग. महिनोन्‌महिने बसून राहणं त्या हिशेबात नाही. म्हणून कधीमधी छापणाऱ्याच्या हाती त्या आकड्यातली किती पानं लागतील हे खोकं सांगत नाही.

मग घ्यायचं काय? दुकानातला सर्वांत स्वस्त प्रिंटर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या स्वस्तातल्या काही यंत्रांचा एक गुण सांगायला हवा. त्यांचं हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं. वाळलं तर कार्ट्रिज बदला, हेड नवं झालं. हेड यंत्रातच कायमचं बसवलेलं असेल तर ते वाळल्यावर दुरुस्तीचा खर्च नव्या प्रिंटरच्या घरात जातो, आणि मग त्याची रवानगी फुटपाथवर. सध्या भारतात टाकीवाल्या प्रिंटरचं कौतुक आहे, आमच्या नात्यातही दोघांनी घेतले. बाटलीतून शाई ओतायची, पान पैशांत पडतं. शिकवणीच्या नोट्स काढणाऱ्यांनी जरूर घ्यावा. आमच्यासारख्यांनी टाकीभर शाई घेऊन ती वाळताना बघत बसण्यात अर्थ नाही. शाईचाच हवा असेल तर दर पंधरवड्याला चारही रंगांचं एक पान काढायचं, हाच त्यावरचा इलाज. मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. तीन महिने जमलं.

लेझर प्रिंटरात वाळायला काही नसतंच. टोनर म्हणजे रंगीत प्लॅस्टिकची अतिशय बारीक भुकटी. ती स्थिर विद्युतभाराने कागदाला चिकटते आणि तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून बसते. सहा महिन्यांनी उठवा, पहिलं पान शेवटच्यासारखंच. सोबत येणारा टोनर अर्धामुर्धा भरलेला असतो, तरी काही शे पानं जातात. म्हणजे आमच्यासारख्यांना चार-पाच वर्षांची बेगमी. उणिवाही सांगते. रंगीत लेझर जड, दोघांनी उचलावा असा. चार रंगांचा टोनर एकदम घ्यायची वेळ आली तर बिल जवळपास नव्या यंत्राएवढं. काही यंत्रं पिवळा संपला की काळंही छापायला नकार देतात, हे घेण्याआधी विचारा. आणि फोटो त्याच्यावर काढू नयेत, चेहरे मेणाचे दिसतात. फोटो आम्ही औषधं-साबणाच्या मोठ्या दुकानातल्या यंत्रावर काढतो, आज्यांना पाठवायला.

तापलेल्या रुळातून अतिसूक्ष्म कण हवेत जातात, त्याची काळजी इथे पुष्कळ करतात. बर्लिनमध्येच लिश्टरफेल्डे भागात सामग्री-तपासणीची सरकारी संस्था आहे, 'बाम' म्हणतात तिला. बंद कक्षात प्रिंटर चालवून त्यातून काय बाहेर पडतं ते मोजायची पद्धत तिने विकसित केली. 'ब्लाउअर एंगल', निळा देवदूत, हे जर्मनीचं १९७८पासूनचं पर्यावरणाचं चिन्ह. प्रिंटरवर ते मिळवायचं तर या कणांची मर्यादा पाळावी लागते. आमचा लेझर मी ते चिन्ह बघूनच घेतला, आणि छापताना खिडकी उघडते. खिडकी उघडायला जर्मन माणसाला कारण लागत नाही, मला तेवढं एक मिळालं.

बाजारातल्या वस्तूंचा निवाडा करायला आणखी एक संस्था याच शहरात आहे, 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट'. १९६४ साली स्थापन झालेली. तिचं मासिक १९६६ला निघालं आणि पहिल्या अंकात शिलाई मशीनची परीक्षा घेतली होती. वस्तू ते गुपचूप दुकानातून विकत आणतात, मासिकात जाहिराती घेत नाहीत. प्रिंटरचे निकाल त्यांच्याकडे वेळोवेळी येतात. माझा सल्ला एवढाच की एकूण गुणांवर जाऊ नका. शाईचा खर्च कुठे लिहिलाय ते शोधा.

आता तुम्ही पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला, खाली झेरॉक्सवाला नाही का? खरं आहे, तो असता तर हे भाषण झालंच नसतं. इथेही कॉपी-शॉप आहेत. आमच्या कोपऱ्यावर रंगीत पान पन्नास सेंटला, काळं दहाला. आमचं वर्षाचं मांडलं तर तीस रंगीत, शंभर काळी, म्हणजे २५ युरो. अडीचशे युरोचा प्रिंटर वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, तीही टोनर न धरता. हिशेबाने प्रिंटर घेऊच नये. आणि गरजही घटते आहे. पार्सल परत करायला मोबाइलवरचा कोड चालतो. २०२०च्या डिसेंबरपासून पोस्टाचं तिकीटसुद्धा कोडच्या रूपात मिळतं, पाकिटावर पेनाने लिहिलं की झालं. पण जर्मनीत रविवारी दुकानं बंद. आणि मुलीला उद्या शाळेत रंगीत पान न्यायचंय हे रविवारी संध्याकाळी साडेसातलाच आठवतं. शिवाय पासपोर्टच्या प्रती अनोळखी दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडायला माझा जीव धजत नाही.

जिवावरून आठवलं. रंगीत लेझर घेणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असावी. यांतली बरीच यंत्रं प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात आणि त्या ठिपक्यांत यंत्राचा क्रमांक, कधी वेळही, दडलेला असतो. नकली नोटांना आळा बसावा म्हणून केलेली ही युक्ती. २००५ साली अमेरिकेत काही जणांनी त्यांतली एक लिपी उलगडून दाखवली, आणि २०१८ साली ड्रेस्डेनच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी हे ठिपके वाचायचं आणि निकामी करायचं साधन तयार केलं. आरतीच्या कागदावर कोण काय शोधणार म्हणा. पण हे बर्लिन आहे. इथल्या त्सिऑन्स चर्चच्या आवारात १९८६ साली काही तरुणांनी 'पर्यावरण ग्रंथालय' काढलं. तळघरात मेणकागदावरून छापायची यंत्रं, आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलच्या जातीची. 'फक्त चर्चच्या अंतर्गत वापरासाठी' असा शेरा मारून ते पत्रकं काढत, कारण पूर्व जर्मनीत परवान्याशिवाय छापणं गुन्हा होता. २४ नोव्हेंबर १९८७च्या मध्यरात्री तिथे श्टाझी या गुप्त पोलिसांची धाड पडली, माणसांना पकडलं, छपाईची यंत्रं उचलून नेली. माझ्या घरापासून ते चर्च ट्रामने दहा मिनिटांवर आहे. तिथून जाताना मला आमचा खिडकीतला वाळून गेलेला प्रिंटर आठवतो आणि जराशी लाज वाटते.

तो प्रिंटर आम्ही फुटपाथवर ठेवला नाही. महापालिकेच्या भंगार-केंद्रात घरगुती विजेच्या वस्तू पैसे न घेता ठेवून घेतात, तिथे दिला. त्याच्या जागी, म्हणजे खिडकीत नाही, पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर, आता रंगीत लेझर आहे. तिसऱ्या मजल्यावर चढवताना नवऱ्याने कंबर धरली ती दोन दिवस.

ही बातमी जिन्यात पसरली. मागच्या भाद्रपदात, अर्थात रविवारी, चौथ्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या. एका हातात पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातात प्लमच्या केकची ताटली. त्यांच्या गायनमंडळाची स्वरलिपी छापायची होती. बारा पानं. ती निघेपर्यंत त्यांनी बाजूच्या गठ्ठ्यातली आरती उचलली, चष्मा सावरला आणि रोमन बाजू मोठ्याने वाचायला लागल्या. 'जय'चा त्यांनी 'याय' केला. जर्मनमध्ये जे म्हणजे य, त्या तरी काय करणार! मी हसत होते, तेवढ्यात मुलगी आतून म्हणाली, "आई, आमच्या वर्गातले पण असंच वाचतील."

रात्री बसून सगळे 'जे' काढून तिथे डी-एस-सी-एच घातले. वीस प्रती पुन्हा काढल्या. गणपती शेंदरी आला.