पिंजऱ्यांतील माणूस आणि मोकळा शार्क

सिंह पिंजऱ्यांत आणि माणूस बाहेर, ही रीत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गान्सबाय या मच्छीमारांच्या गांवीं ती उलटी झालेली दिसते. तेथें माणसें पैसे मोजून पिंजऱ्यांत शिरतात आणि श्वापद बाहेर मोकळें फिरतें. हें श्वापद म्हणजे पांढरा शार्क. कोंकणच्या बाजारांत मुशी किंवा मोरी म्हणून येणारी मासळी याच विस्तृत कुळांतील. परंतु याची पूर्ण वाढलेली मादी पंधरा-सोळा फूट भरते.

हा उलटा पिंजरा ज्याच्या नांवाशीं जोडला गेला, त्या रॉडनी फॉक्सची हकीकत विलक्षण आहे. १९६३ च्या डिसेंबरांत, दक्षिण ऑस्ट्रेलियांतील आल्डिंगा किनाऱ्याजवळ, भाल्यानें मासे मारण्याची स्पर्धा चालू असतां एका पांढऱ्या शार्कनें त्याला छातीशीं धरलें. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. जखमा शिवण्यास ४६२ टाके लागले. एवढ्यांतून वांचलेल्या मनुष्यानें समुद्राकडे पाठ फिरवावी, किंवा सूड घ्यावा, हें स्वाभाविक. फॉक्सला मात्र निराळेंच सुचलें. प्राणिसंग्रहालयांतील सिंहाचा पिंजरा पाहून, आपणच आंत राहावें व शार्क जवळून न्याहाळावा, असें त्याच्या मनानें घेतलें. पाण्यांतील पिंजरे त्यापूर्वीं फ्रेंच संशोधक कुस्तो याच्या मंडळींनींही वापरले होते. परंतु मुद्दाम पांढऱ्या शार्कच्या भेटीसाठीं पिंजरा घेऊन जाण्याची प्रथा फॉक्सच्या १९६५ च्या मोहिमेपासून रूढ होत गेली. दैवाची थट्टा अशी, कीं १९७५ च्या 'जॉज' चित्रपटांतील खऱ्या शार्कचीं दृश्यें त्याच्याच साहाय्यानें टिपलीं गेलीं, आणि त्याच चित्रपटानें या माशाला जगभर राक्षस ठरविलें.

१९९१ सालीं दक्षिण आफ्रिकेनें पांढऱ्या शार्कला कायद्यानें अभय दिलें. असें करणारें तें पहिलें राष्ट्र. त्याच दशकांत गान्सबायचा पिंजऱ्यांचा धंदा वाढीस लागला. जवळच्या क्लाइनबाय बंदरांतून होडी निघते. समोर पेंग्विन पक्ष्यांचें डायर बेट, आणि शेजारीं हजारों सीलांनीं गजबजलेला गायझर खडक. या दोहोंमधील उथळ पाण्याला 'शार्कची गल्ली' असेंच नांव पडलें आहे. नांगर टाकला, कीं माशांचा चुरा व तेल पाण्यांत सोडतात. प्रवाहाबरोबर त्याचा वास दूरवर जातो. पिंजरा होडीच्या कुशीला बांधलेला असून त्याचा माथा पाण्याबाहेर राहतो, म्हणून पाठीवर हवेचें नळकांडें लागत नाहीं. रबरी पोशाख, डोळ्यांवर कांच, अंगाला शिशाचें वजन. खलाशानें आरोळी दिली, कीं श्वास रोखून खालीं वाकावयाचें. पाणी गारठविणारें आणि हिरवट. प्रथम कांहींच दिसत नाहीं. शार्कची पाठ काळसर, पोट पांढरें. वरून तो तळाशीं मिसळतो, खालून आकाशाशीं. मग एकाएकीं तो अगदीं जवळ असतो, आणि एक काळा डोळा गजांपलीकडून सरकत जातो. पाहणाऱ्याची अपेक्षा असते आक्रमणाची. दिसते ती बहुधा सावध चौकशी.

आमिष दाखवून वन्य प्राण्याला बोलावणें कितपत योग्य, हा वाद जुना आहे, आणि आक्षेप पोकळ नव्हे. त्याला मुद्दाम खाऊं घालूं नये, असा दंडक आहे. तरी दोरीला बांधलेला मासा तो कधीं कधीं पटकावतोच. तथापि या पाण्यांत घेतलेल्या छायाचित्रांनीं शास्त्राची सेवाही केली. शार्कच्या पाठीवरील कल्ल्याच्या मागच्या कडेला ज्या खांचा असतात, त्यांवरून माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें त्याची ओळख पटते. २००३ च्या नोव्हेंबरांत खूणयंत्र लावलेली 'निकोल' नांवाची मादी हिंदी महासागर ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियाला गेली, आणि २००४ च्या ऑगस्टांत गान्सबायच्या पाण्यांत पुन्हां दिसली. नऊ महिन्यांच्या आंत सुमारें २०,००० किलोमीटर! परतलेली तीच, हें त्या खांचांवरून सिद्ध झालें.

२०१७ सालीं मात्र गान्सबायच्या किनाऱ्यावर पांढऱ्या शार्कचीं प्रेतें येऊं लागलीं. शरीर बरेंचसें शाबूत, यकृत तेवढें नाहींसें. हें काम ओर्काचें, म्हणजे डॉल्फिनच्या कुळांतील सर्वांत बलाढ्य प्राण्याचें. तेथें हिंडणाऱ्या दोन नरांपैकीं एकाचा पाठीवरील कल्ला डावीकडे लवलेला व दुसऱ्याचा उजवीकडे. म्हणून जहाजाच्या बाजूंवरून त्यांना 'पोर्ट' व 'स्टारबोर्ड' म्हणतात. शार्कचें यकृत तेलानें भरलेलें, म्हणून तेंच त्यांना हवें. २०२३ सालीं मॉसेल उपसागराजवळ 'स्टारबोर्ड'नें एकट्यानें एक तरुण शार्क दोन मिनिटांच्या आंत मारला. अशा धाडीनंतर उरलेले शार्क आठवडेच्या आठवडे परतत नाहींत.

परंतु सगळा दोष ओर्कावर टाकणें माणसाच्या सोयीचें आहे. पूर्वेच्या क्वाझुलू-नाताळ किनाऱ्यावर स्नान करणाऱ्यांच्या रक्षणासाठीं लावलेल्या जाळ्यांत पांढरे शार्क १९५२ पासून मरत आले आहेत. आणि ते ज्या लहान शार्कवर जगतात, त्यांना लांब दोरीच्या गळांनीं मच्छीमार नेतात. या माशाची मादी वयांत येण्यास सुमारें तीस वर्षें लागतात, असा अलीकडचा अंदाज आहे. अशा प्राण्याची तूट लवकर भरून निघत नाहीं. केपटाऊनजवळच्या फॉल्स उपसागरांतून पांढरे शार्क नाहींसे झाल्यावर तेथें सील वाढले आणि सीलांचें भक्ष्य असलेले मासे घटले, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें.

क्लाइनबायहून होड्या अजून निघतात. हिवाळ्यांत देवमासे दिसतात, सील दिसतात. पेंग्विन दिसतात, पण २०२४ पासून त्यांचीही गणना नामशेष होण्याच्या अगदीं काठावर असलेल्या प्राण्यांत झाली आहे. पिंजऱ्याशीं येतो तो बहुधा तांबूस अंगाचा, आकारानें लहान असा दुसराच शार्क. त्याला पाहूनही पिंजऱ्यांतले लोक श्वास रोखतातच.