निवृत्त कामगाराचे औषधपाणी
(व्याख्यानाचा पाठ)



वेर्णे किंवा कुंडई येथील कारखान्यात वीस-पंचवीस वर्षे राबलेला कामगार निवृत्त होतो, त्या दिवशी त्याला शाल, श्रीफळ आणि हिशेबाचा कागद मिळतो. त्याच्या खिशातले कर्मचारी राज्य विमा योजनेचे ओळखपत्र मात्र आता फार दिवस चालणार नाही, ही गोष्ट त्या गडबडीत कोणी सांगत नाही. ज्या वयात रक्तदाब आणि मधुमेह घरात मुक्कामाला येतात, त्याच वयात नोकरीशी बांधलेला दवाखाना सुटू पाहतो.

प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालातून या योजनेचा उगम झाला. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते तिचा आरंभ झाला. जुलै २०१९ पासून मालकाचे अंशदान वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराचे ०.७५ टक्के असे ठरले. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

निवृत्तांसाठी या योजनेत एक दार पूर्वीपासून उघडे आहे. निदान पाच वर्षे विमाधारक राहून जो नियत वयोमानानुसार किंवा स्वेच्छेने निवृत्त झाला, त्याला व त्याच्या पत्नीला (कामगार स्त्री असल्यास पतीला) वैद्यकीय साहाय्य पुढेही मिळू शकते. १९५० च्या नियमांखाली त्यासाठी वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरण्याची तरतूद झाली. महिन्याला दहा रुपये! एवढ्या रकमेत हल्ली रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टीही मिळणे कठीण. परंतु ही सवलत आपोआप चालू राहत नाही. निवृत्तीचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो आणि दर वर्षी मुदत संपण्यापूर्वी पैसे पुन्हा भरावे लागतात. चालू दर व अर्जाचा नमुना महामंडळाच्या शाखा कार्यालयातच विचारून घ्यावा.

या दाराला एक उंच उंबरठा होता. जानेवारी २०१७ मध्ये योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये ठरविण्यात आली. निवृत्तीच्या वर्ष-दोन वर्षे आधी ज्याचा पगार या मर्यादेपलीकडे गेला तो योजनेबाहेर पडला, आणि निवृत्त झाला तेव्हा तो विमाधारकच नव्हता. पगारवाढीनेच म्हातारपणाचे औषध हिरावले, हा उफराटा न्याय झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने ही अट शिथिल करण्याचा निर्णय घेतला. १ एप्रिल २०१२ नंतर निदान पाच वर्षे विमाधारक असलेले आणि १ एप्रिल २०१७ रोजी वा त्यानंतर ३०,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर निवृत्त झालेले कामगार त्या निर्णयाच्या कक्षेत येतात. एकदा नकार मिळालेल्यांनी पुन्हा चौकशी करावी ती याचसाठी.

दुसरी सुधारणा २९ ऑक्टोबर २०२४ ची. आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकास, उत्पन्न न पाहता, कुटुंबागणिक वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले. हे कार्ड हाती आले की जुन्या विम्याचे काम संपले, अशी समजूत गावोगाव आढळते. ती चुकीची आहे. हे कार्ड रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व नंतरचे पंधरा दिवस यांचा खर्च त्यात धरला जातो, घरी बसून रोज घ्यावयाच्या गोळ्यांचा नव्हे. त्या गोळ्या राज्य विम्याच्या दवाखान्यातून मिळतात. शिवाय अठ्ठावन्न वा साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्यास सत्तरी गाठेपर्यंतची दहा-बारा वर्षे त्या कार्डाविना काढावयाची असतात. राज्य विम्याच्या लाभधारकास दोन्ही योजनांचा लाभ घेता येतो. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील निवृत्तांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते. त्यांनी घाईने सही करू नये.

गावातील शिक्षकांनी अशा निवृत्तांचे अर्ज भरून देण्यास एक संध्याकाळ द्यावी. कारखान्यांच्या अधिकाऱ्यांनी निवृत्तीचा दाखला हिशेबाच्या कागदासोबतच हाती ठेवावा. नंतर त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला पुन्हा फाटकावर उभे राहावे लागते, आणि तोवर फाटकावरचा पहारेकरीही बदललेला असतो.