दारे उघडली तेव्हा घरात राहिलेले

(संघाच्या वार्षिक संमेलनात नाटे येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘शिक्षण’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. जन्मभर हाती खडू धरलेल्या माणसाला तो विषय सोपा. परंतु सकाळी या सभागृहात आलो आणि पुढल्या रांगेच्या टोकाची, खिडकीजवळची खुर्ची दृष्टीस पडली. तेव्हा विषय बदलण्याची परवानगी मी अध्यक्ष महाराजांकडे मागितली. त्यांनी ती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या खुर्चीवर बसणारे माझे धाकटे चुलतबंधू आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे होते. त्यांचे नाव घेत नाही. चारचौघांत नाव घेतलेले त्यांना आवडत नसे.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीस जाऊन डायलिसिस करून घ्यावे, तेव्हा पुढचे तीन दिवस मिळावेत, असे त्यांचे जिणे होते. २४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. ती वृद्धांसाठी, आजाऱ्यांसाठी, म्हणजे त्यांच्यासारख्यांसाठी आहे असे आपण सर्वांनी ऐकले. आणि आमच्या वाडीत तिचा पहिला तडाखा बसला तो त्यांनाच. एस्. टी. बंद, वडाप बंद. खासगी गाडीला पास हवा आणि पास मिळवून द्यायला माणूस हवा. एक खेप चुकली. पाय सुजले, आडवे होता येईना. दोन रात्री त्यांनी भिंतीला टेकून बसून काढल्या. पुढे पास मिळाला, गाडी मिळाली. त्या दोन रात्रींची आठवण मात्र त्यांच्या घरातून गेली नाही.

मग गणपती आले. २०२० साली गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. मुंबईकर मंडळींनी १२ ऑगस्टपर्यंत कोकणात पोहोचावे, दहा दिवस विलगीकरणात राहावे, त्यानंतर येणाऱ्याने तपासणी करून यावे, असे शासनाने ठरविले. त्याआधी गावोगाव बैठका झाल्या, तशी आमचीही झाली. एक पक्ष म्हणे, चौदा दिवसांचा एक दिवस कमी नको; आपली म्हातारी माणसे जगली पाहिजेत. दुसरा म्हणे, गणपतीला मुलगा घरी यायचा नाही तर कोणी यायचे? ज्यांना भीती वाटते त्यांनी दार लावून बसावे. मी पहिल्या पक्षाचा, आणि मास्तर असल्यामुळे माझा आवाज मोठा. माझ्याच पुतण्याने फोनवर विचारले, “काका, रजा आठ दिवसांची. ते सगळे शाळेच्या वर्गात बसून काढू, मग गणपती कोणी बघायचा?” दहा फुटांच्या खोलीत पाच माणसे मार्चपासून कोंडलेली, पगार निम्मा झालेला, त्या मुलाचे दुःख काही खोटे नव्हते. मी त्याला कठोर बोललो. तो त्या वर्षी आला नाही.

दोन्ही पक्ष भांडले ते माझ्या बंधूंसारख्या माणसांचे नाव घेऊन. ते त्या वेळी बैठकीपासून हाकेच्या अंतरावर आपल्या पडवीत बसले होते. कित्येक महिन्यांनी त्यांनी मला सहज म्हणून विचारले, “दादा, तुम्ही माझ्यासाठी एवढे भांडलात; पण मला कोणी विचारलेत का?” मी म्हटले, विचारले असते तर काय सांगितले असतेस? ते म्हणाले, “सांगितले असते, पोरांना येऊ द्या. माझ्याकडे आरतीला आलात तर खळ्यात उभे राहा, ओटीवर चढू नका. आणि माझी गाडी चुकवू नका. एवढेच.”

मंडळी, मी हे उत्तर अनेकदा मनात घोळविले आहे. आम्ही ज्याला सर्वांत भित्रा समजत होतो, त्याची मागणी आम्हा सर्वांत लहान होती.

साथीच्या काळी घर आणि गाव यांत असा झगडा होणे हे नवे नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लाखो माणसे शहर सोडून पळाली आणि त्यांतली पुष्कळ आपल्याच कोकणात उतरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. १२३ वर्षांनी करोनाच्या वेळी हाच कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला. पुण्यात त्या काळी घरझडत्यांचा जो जाच झाला आणि त्यातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळी कशी झाडली गेली, ते शाळेत मी दरवर्षी शिकवीत असे. परंतु त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या, हे शिकविताना माझा आवाज तितका चढत नसे. आता वाटते, उलट व्हायला हवे होते.

गैरसमज नको. सर्व काही बंदच ठेवावयास हवे होते असे म्हणणारा मी नाही. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या आमच्या वाडीतील मुलाने शाळेची पायरी चढली ती एकदम १ डिसेंबर २०२१ ला, दुसरीत असताना. कारण ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग त्या दिवसापासून सुरू झाले. मध्यंतरी मी माझ्या पडवीत चार-पाच मुले अंतरावर बसवून बाराखडी घेत होतो. सरकारी नियमात ते बसत होते की नाही, ते विचारू नका. मोबाईलवरच्या शाळेला आमच्या उतरणीवर रेंज नव्हती. त्या दीड वर्षात मुलांचे जे गेले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पोटासाठी दारे उघडणे भाग होते. अक्षरासाठी तर अधिकच.

प्रश्न आहे तो उघडताना आपण काय विसरलो याचा. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. घरोघर जाऊन कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, कोणाला मूत्रपिंडाचा विकार, अशी चौकशी झाली. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना, आणि पंचेचाळीसच्या पुढचे पण वीस ठरावीक व्याधींपैकी एखादी असलेल्यांना लस मिळू लागली. बंधू सत्तावन्न वर्षांचे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन त्यांनी लस घेतली. म्हणजे आपल्यातील नाजूक माणसे कोणती हे त्या काळी गावाला ठाऊक होते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. त्या दिवशी आपण गुढ्या उभारल्या; परंतु त्या माणसांची आठवण आमच्या एकाही बैठकीत कोणी काढली नाही. मीही नाही. मूत्रपिंड बदललेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या शरीरात लशीचा गुण इतरांपेक्षा कमी उतरतो, हे बंधूंना डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. आम्हाला मात्र वाटले, लस झाली, आता सर्व सारखे.

इंग्लंडातही असेच झाले, असे तिकडे असलेल्या आपल्या मुलांकडून कळते. गंभीर व्याधी असलेल्या लाखो लोकांना तेथील सरकारने पत्रे धाडून घरात बसण्यास सांगितले, आणि १ एप्रिल २०२१ पासून तो सल्ला मागे घेतला. बाहेर पडण्याची मोकळीक मिळाली. परंतु बाहेरचे लोक त्यांच्याशी कसे वागतील, हे पत्राने थोडेच ठरते?

आपल्या संघाचा त्या वर्षीचा सत्यनारायण याच सभागृहात झाला. बंधू मुखपट्टी लावून आले आणि त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. पाऊस होता म्हणून खिडक्या लावलेल्या, माणसांवर माणसे. कोणीतरी हसत म्हणाले, “आता कसला करोना? काढा ते फडके, नाहीतर प्रसाद कसा खाणार?” सभागृह हसले. मीही हसलो. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. बंधूंनी प्रसादाचा द्रोण पदराआड दिवा धरावा तसा हाताने झाकला, नमस्कार केला आणि आरतीआधीच घरी गेले. त्यानंतर ते या सभागृहात आले नाहीत. लग्नाला नाही, बारशाला नाही, शिमग्याला पालखी आली तेव्हा खळ्याच्या पलीकडे उभे राहून त्यांनी दर्शन घेतले. पुढल्या वर्षी ते गेले, ते त्यांच्या जुन्या दुखण्याने; करोनाने नव्हे. पण शेवटचे वर्षभर ते आपल्याच माणसांत नव्हते, आणि तेवढ्यापुरते कारण मात्र आम्ही होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचे सांगितले. आणीबाणी संपली, ताप, खोकला आणि कमकुवत शरीरे संपली नाहीत. आपल्या ज्ञातीत आजही डायलिसिसवर असलेले, कर्करोगाची औषधे घेणारे, दम्याने बेजार असलेले आहेत. त्यांपैकी किती जण आज घरी राहिले, याची गणती चिटणीसांनी हजेरीच्या वहीवरून करावी, अशी माझी विनंती आहे.

त्यांच्यासाठी सभा बंद करावी असे मी म्हणत नाही. तेही म्हणणार नाहीत. संमेलनाच्या आठ दिवस आधी कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन ‘तुम्हाला येता यावे म्हणून काय करू?’ एवढे विचारावे. खिडक्यांना पावसाळी झडपा बसवाव्यात, म्हणजे जुलैतही त्या उघड्या राहतील. त्या खर्चाचा पहिला हप्ता मी माझ्या निवृत्तिवेतनातून देतो. ज्याला ताप आहे त्याने, मग तो पदाधिकारी का असेना, त्या दिवशी घरी राहावे आणि त्याचा मान पुढल्या वर्षी राखावा. मानपानाची पंचाईत मला ठाऊक आहे; कोकणातला मान म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. कोणी मुखपट्टी लावून आला तर त्याला कारण विचारू नये. आणि रत्नागिरीच्या खेपेसाठी ज्यांच्या दारी गाडी आहे अशा चौघांची नावे आजच फळ्यावर लिहून घ्यावीत. एक नाव माझ्या पुतण्याचे लिहा. तो आता गावी राहायला आला आहे. माझ्याशी बोलतो, आणि हे त्यानेच सुचविले.

भाषण लांबले, क्षमा असावी. चहाची वेळ झाली आहे. आज चहा सभागृहात न मांडता बाहेर अंगणात ठेवण्यास मी स्वयंपाकाच्या मंडळींना सांगून ठेवले आहे, तेव्हा सर्वांनी कृपा करून तिकडेच यावे.