देखभालीचे कलम

कारखान्यातील वाफ, पाणी, वीज, शीतकरण या यंत्रणांतून विक्रीचा माल निघत नाही. म्हणून नफ्याच्या हिशेबात त्या निव्वळ खर्च ठरतात आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये मिथिल आयसोसायनेट थंड ठेवणारी शीतयंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची गंजलेली नळी काढून ठेवलेली होती. देखभालीचे कामगार कमी केलेले होते. २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरले आणि हजारो माणसे प्राणास मुकली. वाचविलेला खर्च कंपनीच्या खाती जमा झाला. त्याची किंमत शेजारच्या वस्तीने मोजली. म्हणून कामगार संघटनांच्या मागणीपत्रात वेतनाच्या कलमाशेजारी देखभालीचेही कलम असले पाहिजे.