गठ्ठा कोण उचलतं?

(वेळापूर, जि. सोलापूर इथल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मित्रांनो, बायांनो, पोरींनो, मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत कंत्राटी हमाली करतो आणि उरल्या रात्रीत कविता लिहितो. मला इथं ‘स्त्रियांचं साहित्य आणि चळवळ’ असा जडशीळ विषय दिलाय. साहित्यावर बोलायला प्राध्यापक पैशाला पासरी आहेत. मी पुस्तक विकणाऱ्या बाईवर बोलणार. बायकांची पुस्तकं, ती विकणारं बायकांचं दुकान, आणि त्या दुकानात राबणारी माणसं. कारण पुस्तकातला विचार नंतर, आधी पुस्तकाला वजन असतं. साखरेच्या पोत्याला कान तरी असतात धरायला. पुस्तकाच्या गठ्ठ्याला धरायला काही नसतं, सुतळी बोटं कापते. तो गठ्ठा कुणीतरी एसटीच्या टपावरनं उतरवतं, सोडतं, मांडतं, संध्याकाळी परत बांधतं. त्याच्यावर कुठल्या समीक्षकानं लिहिलंय?

तुमचं गाव कुठं आहे बघा. पालखीच्या वाटेनं मागं गेलं की फलटण. तिथं बेबीताई कांबळे किराण्याच्या दुकानात बसायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचा कागद आधी वाचायच्या, मग त्यात साखर बांधायच्या. लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकात आलं, १९८६ ला पुस्तक झालं. इकडं सांगोल्याच्या रस्त्याला महूद. शांताबाई कांबळे तिथल्या. १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात मास्तरीण झाल्या. त्यांची ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ पण १९८६ ची. पँथरच्या अरुण कांबळेंची ही आई. म्हणजे एका रस्त्याला एक, दुसऱ्या रस्त्याला दुसरी, आणि मधी तुम्ही. बेबीताईंचं पुस्तक २००८ ला इंग्रजीत गेलं, विलायतेतली पोरं अभ्यासाला घेतात. आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी ही दोन पुस्तकं इथल्या बाजारात मांडलेली बघितलीत? हात वर करा.

बरं. राहू द्या.

पुस्तक छापलं की ते आपल्या पायानं वाचकाकडं जातं, असा लिहिणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ ला ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. पुरुषांची सालटी काढली होती तिच्यात. आणि मग? स. गं. मालशे यांनी ती १९७५ ला पुन्हा छापून आणली तेव्हा लोकांना कळलं की अशी बाई होऊन गेली. मधी ९३ वर्षं गेली. मजकूर तोच होता, एक अक्षर बदललं नव्हतं. वाहून नेणारं कुणी नव्हतं.

हे बायकांना आपल्या आधी कळलं. १९८४ साली बंगळुरात विमोचना या बायकांच्या संघटनेनं ‘स्त्रीलेखा’ नावाचं दुकान काढलं. त्याच साली दिल्लीत उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी ‘काली फॉर विमेन’ हे प्रकाशन काढलं. तिकडं अमेरिकेत मिनियापोलिस शहरात १९७० पासून बायकांचं एक दुकान होतं, नाव ‘अॅमेझॉन’. हो, तेच नाव. त्या बड्या कंपनीनं तेच नाव लावून धंदा मांडला. १९९९ ला या बायका कोर्टात गेल्या. तडजोड झाली. कंपनी आज तुमच्या मोबाईलमधी हाय. दुकानानं पुढं नाव बदललं आणि २०१२ ला ते बंद झालं.

असल्या दुकानातलं काम नुसतं विकण्याचं नसतं. एखादी बाई येते, पुस्तक चाळल्यासारखं करते, तासभर तिथंच उभी. गल्ल्यावरच्या बाईला कळावं लागतं की हिला पुस्तक नकोय, हिला बसायला जागा पायजे, वकिलाचा नंबर पायजे. ते बिलात लागत नाही.

आता हिशोब करू. हमालाला हिशोब लवकर कळतो. शंभराच्या पुस्तकावर दुकानाला समजा तीस रुपये सुटतात. गल्ल्यावरच्या बाईला महिना पंधरा हजार द्यायचे तर पाचशे पुस्तकं फक्त तिच्या पगारासाठी विकली पाहिजेत. भाडं वेगळं, वीज वेगळी, पार्सल वेगळं. न खपलेला माल परत पाठवायचा खर्च वेगळा. बिलं सहा सहा महिने अडकतात ते वेगळंच. पाचशे जमत नाहीत. मग काय करायचं? मग म्हणायचं, ही चळवळ आहे, पगार कसला मागता!

इथं माझं डोकं फिरतं. फुकट काम कोण करू शकतं? जिच्या घरी दुसऱ्या कुणाचा पगार येतो ती. जिच्या घरी चूल तिच्याच हजेरीवर पेटते ती कशी करणार? म्हणजे दुकान सगळ्या बायकांचं, पण गल्ल्यामागं बसायची ऐपत सवर्ण वस्तीतल्या बाईचीच. आणि फरशी पुसायला येते तिला मात्र पगार असतो, कारण ती चळवळीत धरलेली नसते. हे मी कुठल्या एका दुकानाचं नाव घेऊन बोलत नाही. हा पैशाचा आणि जातीचा हिशोब आहे, नाव न घेता पण तोच येतो.

नुसतं त्यांच्याकडं बोट दाखवून सुटका नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार दारोदार फिरून आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांशी बोलल्या. १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. छापलं कुणी? ‘स्त्री उवाच’नं, मुंबईतल्या बायकांच्या प्रकाशनानं. २००० साली ते पुन्हा काढलं पुण्याच्या ‘सुगावा’नं. सदाशिव पेठेत बसून आपली पुस्तकं विकायची म्हणजे जिगर लागते. विलास वाघ २०२१ ला गेले तेव्हा आपण श्रद्धांजल्या वाहिल्या, वाहायलाच पायजेत. पण त्यांच्या बरोबरीनं ‘सुगावा’ उभं करणाऱ्या उषाताई वाघांचं नाव किती जणांच्या तोंडात येतं?

सहा डिसेंबरला दादरला जाता ना? शिवाजी पार्काच्या कडेनं पुस्तकांचे स्टॉल बघा. बाबासाहेबांचे खंड, फोटो, दिनदर्शिका. बॅनरवर पुरुषाचं नाव. खाली ताडपत्रीवर बाई. मांडीवर लेकरू, एका हातानं सुट्टे मोजते, दुसऱ्या हातानं गर्दीतनं पुस्तक सावरते. रात्री गठ्ठ्यावरच डोकं टेकून झोपते, कारण माल चोरीला जाईल. गिऱ्हाईक विचारतं, मालक कुठंय?

तुमच्या वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचं देऊळ हाय. देवाच्या नावात अर्धी बाई घातली. बॅनरवर पाव तरी घाला.

आता मंडपाच्या दारातल्या पुस्तकाच्या टेबलाबद्दल. तिथं एक पोरगी सकाळी आठपासून बसलीय. मी येताना आयोजकांना विचारलं, हिला आजचं काय देणार? म्हणाले, द्यायचं काय, आपलीच पोरगी हाय. मंडपवाल्याला दिलेत, स्पीकरवाल्याला दिलेत, मला एसटीचं भाडं दिलंय. ती अजून जेवलेली नाही. सभा उठली की आधी तिच्या हजेरीचे पैसे मोजा, तिला जेवायला सोडा, आणि टेबलावरचे गठ्ठे दोन बाप्यांनी बांधा. सुतळी घट्ट ओढा. मग माझ्याबरोबर फोटो काढायला या.