नवें घर आणि चित्रांची वही

डोंबिवलींत नव्या ब्लॉकची किल्ली हातीं आली कीं घरांत दोन गोष्टींचा संग्रह सुरू होतो. एक कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्यांचा आणि दुसरा चित्रांचा. पूर्वीं हीं चित्रें मासिकांतून कातरून वहींत चिकटवीत. आतां तीं मोबाइलांत सांठवितात. २०१० सालीं पिंटरेस्ट निघाल्यापासून तर साऱ्या जगांतील दिवाणखाने बसल्या जागीं पाहावयास मिळूं लागले आहेत. पंधरा दिवसांत दोनशें चित्रें जमतात, आणि मग त्यांतलें एक सुतारापुढें धरून गृहस्थ म्हणतो, "असें करून द्या." या तीन शब्दांपायीं किती पैसा जातो व त्याच्या बदल्यांत काय पदरीं पडतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

चित्र पाहून घर सजविण्याची हौस नवी नाहीं आणि ती वाईट तर मुळींच नाहीं. लंडनच्या डेली मेल पत्रानें १९०८ सालीं 'आदर्श गृह' प्रदर्शन भरविलें. पुढें १९३७ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेनें तसलेंच प्रदर्शन मुंबईच्या टाउन हॉलांत भरविलें, तेव्हां मुंबईकरांनीं तें पाहण्यास मोठी गर्दी केली होती. पुण्याचे इंजिनिअर आर्. एस्. देशपांडे यांचें 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' हें पुस्तक १९३९ सालचें. मध्यम स्थितींतील कुटुंबांना डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेल्या देशपांड्यांच्या पुस्तकांत घराच्या चित्राशेजारीं त्याचा नकाशा असे, मापें असत. हा त्यांचा मोठा गुण होय.

आजच्या चित्राला नकाशा नसतो. खोली किती फुटांची, छत किती उंच, खिडकी कोणत्या दिशेची, यांतलें कांहींच तें सांगत नाहीं. छायाचित्रकार रुंद टापूचें भिंग लावून कोपऱ्यांत उभा राहतो, आणि दहा फुटांची खोली चौदा फुटांची भासूं लागते. चपला, केराची टोपली, विजेच्या तारा आणि घरचीं माणसें आधींच बाजूला केलेलीं असतात. अलीकडे संगणकानेंच रचलेलीं चित्रें मिळतात. तसली खोली पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि नसते. जमविलेलीं चित्रें एकदां केवळ छताच्या पंख्यासाठीं पाहावीं. बहुतेकांत तो आढळणार नाहीं. डोंबिवलीच्या मे महिन्यांत पंख्यावांचून हॉलांत अर्धा तास बसून दाखविणारा सजावटकार अजून जन्मास यावयाचा आहे!

या पंख्याचा हिशेबहि मांडून पाहावा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें राहत्या खोलीची उंची निदान २.७५ मीटर, म्हणजे सुमारें ९ फूट, असावी लागते. पुष्कळ इमारतींत ती याहून फारशी अधिक नसते. चित्रांतल्यासारखें फॉल्स सीलिंग केलें, त्यानें ८ इंच खाल्ले आणि पंख्याची दांडी फूटभर खालीं आली, म्हणजे पात्यांखालीं जेमतेम सव्वासात फूट उरतात. बिछाना घालतांना चादर झटकावयाची सुद्धां चोरी.

या चित्रांत एक जात विशेष लोकप्रिय आहे. फिकट भिंती, पांढरें रंगविलेलें लांकूड, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचें कापड, खिडकींत हिरव्या कुंड्या. सजावटकार तिला 'स्कँडिनेव्हियन' म्हणतात. या धाटणीच्या मुळाशीं जीं घरें आहेत, त्यांतील एकाची कथा ऐकण्यासारखी आहे. १८८८ सालीं स्वीडनमधील सुंडबोर्न या खेड्यांत चित्रकार कार्ल लार्सन व त्याची पत्नी कारिन यांना तिच्या वडिलांकडून एक लहानसें लांकडी घर मिळालें. कारिनहि चित्रकलेचें शिक्षण घेतलेली होती. मुलें वाढलीं तसें घर वाढत गेलें. पडदे, अभ्रे, टेबलावरील वस्त्रें तिनें आपल्या हातानें विणलीं. लांकडी सामानाचे आराखडे काढून तें गांवच्या सुताराकडून करवून घेतलें. जुन्या खुर्च्या फेंकून न देतां त्यांना रंग दिला. जेवणाची खोली मात्र तिनें चांगली लाल-हिरवी केली, कारण तशी ती घरच्यांना आवडत होती. मग एका पावसाळी उन्हाळ्यांत, तिच्याच सूचनेवरून, लार्सन या खोल्यांचीं जलरंगांत चित्रें काढूं लागला असें सांगतात. १८९९ सालीं त्यांतील चोवीस चित्रांचें 'एत हेम', म्हणजे 'एक घर', हें पुस्तक निघालें, आणि परदेशांतहि लोक त्यावरून आपलीं घरें सजवूं लागले. घर आधीं झालें होतें. चित्र मागाहून आलें.

शिवाय त्या घराचें ऊन निराळें आहे. सुंडबोर्न साठ अंश उत्तर अक्षांशाच्याहि पलीकडे आहे. तेथें डिसेंबरांत भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून सहा अंशांच्या आसपासच वर चढतो. उजेडाचा कण न् कण वेंचून घ्यावा लागतो. डोंबिवली एकोणीस अंशांवर आहे. येथें डिसेंबरांतलाहि माध्यान्हसूर्य ४७ अंश उंच असतो, आणि मे व जुलै महिन्यांत तो एकेकदां अगदीं डोक्यावर येतो. तेव्हां येथें उजेड आंत घ्यावयाचा तसा ऊन अडविण्याचाहि विचार हवा. त्यांत चार महिने पाऊस. नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंती झोडपून काढतो. त्या भिंतीला चिकटून कपाट बसविलें तर मागें बुरशी धरते, आणि चित्रांतलें गुळगुळीत दार दुसऱ्या श्रावणांत फुगून बसतें. ओल्या जागेसाठीं आय्. एस्. ७१० या मानकाचें प्लायवुड मागावें; साधें, आय्. एस्. ३०३ चें, तेथें टिकत नाहीं.

आणखी एक गोष्ट खास डोंबिवलीची. येथील पुष्कळ गृहस्थ आणि पुष्कळ गृहिणीहि सकाळीं गाडी पकडतात त्या अंधार पडल्यावर परततात. सहा दिवस त्यांना आपला हॉल दिसतो तो दिव्याच्या उजेडांत. चित्र मात्र सकाळीं दहाच्या उन्हांत काढलेलें असतें. म्हणून रंगाचा नमुना भिंतीवर हातभर लावून तो रात्रीं आठ वाजतां, जो दिवा घरांत राहणार त्याच दिव्याखालीं, पाहावा. २७०० केल्विनचा पिंवळसर दिवा आणि ६५०० केल्विनचा निळसर दिवा यांच्याखालीं एकच करडा रंग दोन निराळे रंग होऊन बसतो.

तर मग चित्रें टाकून द्यावीं काय? छे! तीं जमवावींच, पण वाचावयास शिकावें. घरांतील प्रत्येकानें, आजीनेंहि, दहा चित्रें निवडावीं आणि प्रत्येकाखालीं तें कां आवडलें याचें एक वाक्य लिहावें. "सोफा छान आहे" हें वाक्य चालणार नाहीं. त्यांत कारण नाहीं. "खिडकीजवळ वाचावयास बसतां येईल" हें चालेल. दहा वाक्यें एकाखालीं एक ठेवलीं कीं मौज दिसते. पुष्कळदां त्या दहा चित्रांतला समान धर्म रंग किंवा लांकूड नसून मोकळी जमीन हा निघतो. मनाला हवा होता तो रिकामेपणा, आणि पैसे मात्र मोजले जाणार होते आणखी सामानासाठीं! रिकामी जागा हवी असेल तर पहिला खर्च माळ्यावर आणि पलंगाखालच्या खणांवर करावा. दर्शनी भिंतीचा क्रम त्यानंतर.

आजीच्या चित्रांकडे अधिक लक्ष द्यावें. तिच्या वाक्यांतून बहुधा देवघर निघतें, भिंतींतला कोनाडा निघतो, टेंकून बसावयाची जागा निघते. या गोष्टी विलायती चित्रांत नसतात म्हणून त्या विसरल्या जातात, आणि मग देव फ्रिजच्या डोक्यावर जाऊन बसतात. कपडे वाळत घालावयाची दोरी, पिठाचे डबे, गणपतींत येणाऱ्या पाहुण्यांच्या गाद्या, मुलाचें अभ्यासाचें टेबल, यांचीं चित्रें कोणी काढीत नाहीं. त्यांची यादी हातानें करून ती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी. कर्जाचे पैसे चित्रांतल्या भिंतीवर संपले तर ही यादी वर्षानुवर्षें तशीच राहते.

शेवटीं निवडलेल्या सामानाचीं मापें घेऊन तेवढ्या आकाराचे जुन्या वर्तमानपत्रांचे कागद कापावे आणि नव्या घराच्या रिकाम्या जमिनीवर ते ठेवावे. सोफ्याच्या जागीं सोफ्याएवढा, टेबलाच्या जागीं टेबलाएवढा. दोन माणसांना एकमेकांस ओलांडून जातां येतें का, कपाटाचें दार पूर्ण उघडतें का, चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरांतून हॉलपर्यंत वांकडें न होतां येतां येतें का, हें सर्वांनीं मिळून एका रविवारीं चालून पाहावें. इमारतीच्या लिफ्टचें आणि जिन्याच्या वळणाचेंहि माप घ्यावें, कारण सात फुटांचा सोफा चित्रांत जिना चढत नाहीं. ज्या कागदावर सर्वांचे पाय पडून तो चुरगळला असेल, तो तेथून हलवावा. मग सुताराला बोलवावें, आणि चित्राबरोबर मापांचा कागदहि त्याच्या हातीं द्यावा.